मागच्याप्रमाणेच

आमच्याकडचा सगळ्यात वेगवान डॉक्टर वारलेला आहे, हे मला त्याच्याच दवाखान्यात बसून, त्याच्याच सिस्टरने दिलेला चहा पिताना कळलं.

मी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पेशंटचं वजन, ताप, जुनी दुखणी, दिलेली औषधं, सगळं कॉम्प्युटरवर ठेवायचं, असलं सॉफ्टवेअर. डॉक्टर मंडळी त्याला तोंडभरून शिव्या घालतात आणि बरोबरच घालतात. एका साध्या खोकल्यासाठी त्यांना इतक्या खिडक्या उघडाव्या लागतात की तेवढ्यात खोकला आपोआप बरा व्हावा. ते सोपं करणं हे माझं काम. म्हणजे डॉक्टरच्या मागे स्टुलावर बसायचं, त्याचे हात बघायचे, कुठे अडतो, कुठे चिडतो ते टिपायचं, आणि परत येऊन आमच्या पोरांना सांगायचं की अरे बाबांनो, हे बटण इथे नको. मी हातच बघते. तोंडाने माणसं काहीही सांगतात.

आमचे साहेब मात्र उंटावरून शेळ्या हाकतात. ते आकडे बघतात. त्यांनाच आकड्यांत सापडलं की एका लहानशा दवाखान्यातले एक वयस्कर डॉक्टर सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहेत. फाईल उघडली की पापणी लवायच्या आत नोंद तयार. "जा, त्यांच्याकडून शिकून ये," साहेब म्हणाले. "ते जे करतात ते आपण सगळ्यांना देऊ."

दवाखाना तळमजल्यावर, वर डॉक्टरांचं घर. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बाकं, कोपऱ्यात वजनकाटा, आणि टेबलामागे एक जाडजूड सिस्टर. मी डॉक्टरांचं नाव घेतलं तशी तिने माझ्याकडे नीट बघितलं, मला बसवलं, चहा दिला आणि मग म्हणाली, "मोठे डॉक्टर होय? अहो, ते गेले. वर्ष होऊन गेलं."

"पण काल संध्याकाळपर्यंत त्यांनी पेशंट तपासलेत," मी म्हणाले. माझ्या बॅगेत आकडे होते.

"बेबी डॉक्टरांनी तपासले," सिस्टर म्हणाली आणि चहाची बशी पुसायला लागली, जणू त्यात काही वावगं नव्हतंच.

बेबी डॉक्टर म्हणजे त्यांची मुलगी. चाळिशीची, कानशिलापाशी केस पिकलेली, पण ज्यांनी तिला फ्रॉकमध्ये दवाखान्यात खेळताना पाहिलं होतं त्यांनी ते नाव काही सोडलं नव्हतं. तिने मला मागे स्टूल दिलं आणि कामाला लागली. दोनच पेशंट झाल्यावर माझ्या लक्षात सगळा प्रकार आला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डॉक्टरचं स्वतःचं खातं असतं. त्यात तो आपली नेहमीची वाक्यं साठवून ठेवू शकतो, म्हणजे दोन अक्षरं टाइप केली की अख्खं वाक्य येतं. बहुतेक डॉक्टर दहा-बारा वाक्यं साठवतात आणि कंटाळतात. मोठ्या डॉक्टरांनी शेकडो साठवली होती. शिवाय त्यांनी कळफलकावरची एक कळ खास नेमून घेतली होती. ती दाबली की त्या पेशंटची मागच्या वेळची नोंद जशीच्या तशी आजच्या तारखेला उतरायची. त्या कळीवर त्यांनी कागदाचा कपटा चिकटवला होता आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मागच्याप्रमाणेच'. अक्षर मळलं होतं, पण वाचता येत होतं.

ते गेले आणि मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली. तिचं स्वतःचं खातं रिकामं, कोरं. बाहेर बाकावर माणसं. तिने पहिल्या दिवशी बाबांच्याच नावाने खातं उघडलं, निदान आजच्यापुरतं म्हणून. ते आजच्यापुरतं अजून चालू होतं. कागदावर वर बाबांचं नाव छापून यायचं आणि खाली ती आपला शिक्का मारायची. संगणकाचा पडदासुद्धा त्यांच्याच उंचीला होता. ते चांगले उंच असावेत, कारण ती मान वर करून त्याच्याकडे बघायची. मान वर असली की समोर बसलेला माणूस दिसत नाही. हे मी तेव्हा टिपून ठेवलं, पण पडदा खाली घ्यावा, एवढंच.

एक ट्रकवाला आला. डोळे लाल, हनुवटीला खुंट, बसल्या बसल्या पेंगत होता. तिने फाईल उघडली, कळ दाबली आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "झोप शांत. चेहरा ताजा. औषध तेच चालू ठेवणे. काळजी करू नका, काळजी करायला मी आहे."

ते शेवटचं वाक्य मोठ्या डॉक्टरांचं ठेवणीतलं. प्रत्येक कागदावर खाली छापलं जायचं.

"झोप शांत?" ट्रकवाल्याने स्वतःलाच विचारलं. मग खांदे उडवून म्हणाला, "मोठे डॉक्टर म्हणतात तर असेल." आणि कागद घेऊन गेला.

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. उलट मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवावं तसं झालं. खोलीत आम्ही दोघी होतो आणि तिसरा कुणीतरी बोलत होता, आणि तो प्रत्येकाला सांगत होता की सगळं ठीक आहे.

दुपारी बाहेरची गर्दी ओसरल्यावर जिन्यावरून आई उतरल्या. बेबी डॉक्टरांच्या आई, मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी. महिन्यातून एकदा त्या तपासून घ्यायला खाली येत. बारीक अंगाच्या, नीटनेटक्या, खांद्यावर शाल. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा हो. लपवण्यासारखं काय आहे माझ्यात?" आणि खुर्चीत अगदी ताठ बसल्या, शाळेत बक्षीस समारंभाला बसतात तशा.

मुलीने रक्तदाब घेतला, डाव्या दंडावर. मग फाईल उघडली, कळ दाबली आणि वाचलं. तिचा आवाज बदलला. वाचताना ती अडखळत नव्हती, पाठच होतं ते. "प्रकृती उत्तम. भूक चांगली. बोलणं नेहमीपेक्षा थोडं जास्त, त्यावर औषध नाही. काळजी करू नका, काळजी करायला मी आहे."

दोघी हसल्या. तोच विनोद दर महिन्याला, आणि तरी हसल्या. मुलीच्या चेहऱ्यावर इतका उजेड मी सकाळपासून पाहिला नव्हता.

मी हात बघत होते, सवयीने. आईंचा उजवा हात अंगाशी दुमडलेला होता. कागद त्यांनी डाव्या हाताने घेतला, शाल डाव्या हाताने सावरली, उठताना डाव्याच हाताचा आधार घेतला. डावखुऱ्या असतील, मला वाटलं. पण मग कागद मिळाल्याची सही केली ती उजव्या हाताने, कोपर अजिबात न उचलता.

त्या वर गेल्यावर मी बेबी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. वारलेल्या माणसाच्या नावाने औषधं लिहिता येत नाहीत. मी डोळ्यांदेखत पाहिलंय, आता मला ते झाकता येणार नाही. खातं बंद करावं लागेल.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती कळीवरच्या त्या कपट्यावर बोट फिरवत बसली. "माझं जाऊ द्या," ती म्हणाली. "मी नवीन शिकेन. पण आईचं काय? ती महिनाभर त्या एका वाक्यासाठी जगते. ते गेले तेव्हा ती रडली नाही, माहितेय? पंधरवड्यानंतर खाली आली, मी चुकून ती कळ दाबली, वाक्य आलं, मी वाचलं. आणि ती हसली. ते मी तिच्याकडून कसं काढून घेऊ?"

तिचा आवाज फाटला आणि मी, जी साहेबांशी वाद घालताना टेबलावर मूठ आपटते, ती विरघळले. मी कबूल केलं की बाबांची सगळी वाक्यं मी तुमच्या खात्यात हलवून देते. नाव तुमचं, वाक्यं त्यांची. तोवर लिहायचं ते तुमच्याच नावाने, हाताने, कागदावर. महिनाभरात करून देते.

ते काम मी स्वतः केलं, दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. ऑफिसात भर दुपारी, आजूबाजूला फोन वाजत असताना, मी त्या माणसाची वाक्यं एकेक करून उचलत होते. 'पाणी भरपूर प्या. चहा म्हणजे पाणी नव्हे.' 'सिगारेट तुम्ही सोडा, ती तुम्हाला सोडणार नाही.' 'गुडघे वयाने दुखतात, वय कमी करायचं औषध आलं की कळवतो.' माणूस मिश्कील होता. दोन दिवसांनी मला त्याचा आवाज ऐकू यायला लागला. घोगरा, जरा नाकातला. मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, फोटोसुद्धा पाहिला नव्हता, तरी पैज लावून सांगते की असाच असणार. घरी नवरा कर्जाच्या हप्त्यावरून कुरकुरत होता तेव्हा मी म्हणून गेले, "काळजी करू नकोस, काळजी करायला मी आहे." नवरा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "हे कुणाचं बोलणं?" त्याने विचारलं. वीस वर्षांचा संसार, त्याला माझी भाषा पाठ आहे.  खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

मेलेल्या माणसाची भीती नव्हती ती. तो बिचारा चांगला होता. भीती वाटली ती त्याच्या चांगुलपणाची. भुतं कशी वाईट असावीत, म्हणजे माणूस दार लावून घेतो. हे भूत खुर्चीत बसून सगळ्यांना धीर देत होतं आणि त्याला दिसत मात्र काहीच नव्हतं.

शेवटी ती कळ राहिली. ती हलवायची म्हटलं की मला आईंचा तो अंगाशी धरलेला हात आठवायचा. मी फोन उचलला.

"डॉक्टर, मी त्यातली नाही, पण आईंचा उजवा हात बघितलात का? त्या उचलतच नाहीत."

"आईला मी दर महिन्याला तपासते," पलीकडून बेबी डॉक्टर म्हणाली. जरा दुखावली होती. "प्रकृती उत्तम आहे तिची. भूक चांगली आहे."

तिला कळलंसुद्धा नाही की ती वाचून दाखवतेय. समोर पडदा नव्हता, काही नव्हतं.

मी फोन ठेवला आणि ती कळ हलवली नाही. वाक्यं सगळी दिली. मागची नोंद आजच्या तारखेला उतरवण्याची सोय तेवढी काढून टाकली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट मुद्दाम अवघड केली, आणि कुणाला सांगितलं नाही.

नवीन खातं सुरू करून द्यायला मी गेले तो दिवस आईंच्या तपासणीचाच निवडला. सकाळी सिस्टरच्या मदतीने पडदा खाली घेतला. सिस्टर म्हणाली, "बुटकं झालं हो टेबल." पेशंट येत गेले. बेबी डॉक्टर नव्या खात्यावर चाचपडत होती, पण काम होत होतं. तापाचे, खोकल्याचे पेशंट नवेच होते, त्यांची मागची नोंद लागली नाही. बाहेर बाकं भरली, मग माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

आई या वेळी भर गर्दीत आल्या. "म्हटलं लवकर आटपावं," त्या म्हणाल्या. शाल तशीच. ताठ बसल्या. डाव्या दंडावर रक्तदाब झाला. मुलीने फाईल उघडली आणि न बघता कळ दाबली.

कोरी चौकट आली. वर आईंचं नाव, आजची तारीख, आणि खाली नुसती उभी रेघ लुकलुकत होती.

तिने परत दाबली. परत. मग वळून माझ्याकडे बघितलं. 

"वाच ना," आई म्हणाल्या.

"काही आलं नाही, आई."

"मग?"

"मग काही नाही. रिकामं आहे."

पडदा खाली होता. मान वर करून बघायला काही उरलं नव्हतं. तिची नजर त्या कोऱ्या चौकटीवरून घसरली आणि समोर आईवर आली. तिथेच थांबली. मी तिचे हात बघत होते. ते कळफलकावरून उठले.

"आई, तू वाळलीस," ती म्हणाली. "हा हात असा काय धरलायस?"

आईंनी शाल पुढे ओढली. डाव्या हाताने.

"उचल बघू."

"राहू दे गं, बेबी. बाहेर माणसं उभी आहेत."

"उचल."

हात खांद्यापर्यंतसुद्धा गेला नाही. बेबी डॉक्टर उठली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागे तपासायच्या टेबलापुढचा कापडी पडदा ओढल्याचा आवाज आला, टेबलावर कुणी आडवं झाल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत मला तो घोगरा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं, तीच भीती, तीच वाट. नाही आला.

"आई," पडद्यामागून मुलगी म्हणाली, "ही गाठ केवढी झालीय."

टेबल करकरलं.

"काखेतसुद्धा आहे. तुला दिसत होती ना? दुखत होती ना? मग मला का नाही सांगितलंस? दर महिन्याला इथे येऊन बसतेस. मी डॉक्टर आहे गं!"

"अगं, सांगणारच होते," आई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तसा. "दर वेळी ठरवून उतरायचे. पण तू ते वाचायला लागलीस की तुझं तोंड कसं व्हायचं. हे गेल्यापासून तू कधी हसलीस, तर ते तेवढं वाचताना. मला वाटायचं, पोरीला त्यांचे शब्द ऐकायचे असतात, तर ऐकू दे. तेवढ्यासाठी यायचे मी खाली. मला काय करायचंय ते वाक्य? मला पाठ आहे ते."

"मी तुझ्यासाठी वाचायचे," मुलगी म्हणाली.

 मला तिथून उठून जायचं होतं, पण दाराकडे जायला पडद्यापुढून जावं लागलं असतं. मी भिंतीवरच्या तड्याकडे बघत राहिले आणि मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं.

मग बेबी डॉक्टरने नाक ओढलं आणि प्रश्न विचारला, कुठलाही डॉक्टर विचारतो तो. "कधीपासून आहे?"

बाहेर कुणीतरी खोकलं.

"आई, कधीपासून?"

"हे असताना लागली हाताला. छोटी होती, वाटाण्याएवढी."

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"दाखवायला आले होते की. अशीच खाली उतरले, अशीच गर्दी होती. म्हटलं, अहो, जरा बघता का. 'हो हो, बस,' म्हणाले. फाईल उघडली, ती कळ दाबली आणि कागद हातात दिला माझ्या. उत्तम म्हणून." आई किंचित हसल्या असाव्यात. "थकले होते गं ते शेवटी शेवटी. आणि मी बायको. मी काय, घरातच होते. पुढच्या वेळी बघतील म्हटलं."

माझ्या बॅगेत अजून ते आकडे होते. सगळ्यात वेगवान डॉक्टर. आमच्या साहेबांनी त्या वेगाला टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मी तो वेग शिकून सगळ्यांना वाटायला निघाले होते. 

पडदा सरकला. बेबी डॉक्टर बाहेर आली. तिने हात धुतले, पुसले, त्या खुर्चीत बसली आणि कोऱ्या चौकटीत लिहायला लागली. एकेक अक्षर, दोन बोटांनी, बाबांचं एकही वाक्य न घेता. गाठ कुठे, केवढी, कडक की मऊ. मोठ्या इस्पितळात कुणाकडे, आजच. मध्येच थांबून तिने विचारलं, "आई, जेवण जातं का?" आणि आई म्हणाल्या, "नाही जात गं." तेही तिने लिहिलं. तिचे डोळे भरले होते, तरी ती लिहीत होती.

"त्यांच्यावर रागावू नकोस," शालीचं टोक चिमटीत धरून आई म्हणाल्या. "बाहेर माणसं होती."

दार किलकिलं करून सिस्टरने डोकं आत घातलं. तिच्यामागे खोकले, कुजबुज, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. "डॉक्टर, झालं का? किती वेळ झाला. पुढचा पाठवू?"

"नको," बेबी डॉक्टर म्हणाली. तिने मान वळवली नाही, ती आईकडेच बघत होती. "थांबायला सांगा सगळ्यांना. मी आईला तपासतेय."